पणजीहून एकटीने, बसने, एका दिवसात: कुठे जाऊ?

पायपीट
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मूळची कुडाळची, नोकरीमुळे पावणेदोन वर्षं पणजीत. साप्ताहिक सुट्टी बुधवारी. त्यामुळे मैत्रिणी मोकळ्या असतात तेव्हा मी ऑफिसात, आणि मी मोकळी असते तेव्हा त्या.

आधीच सांगते, मी दुचाकी चालवत नाही. शिकले होते. एका पावसात उतारावर घसरून आपटले, डाव्या कोपरात अजून सळी आहे. तेव्हा "स्कूटर भाड्याने घे" हा सल्ला कृपया नको. टॅक्सीचे दर ऐकून मी चालतच घरी आले होते. राहिली बस.

पावणेदोन वर्षांत पाहिलेला गोवा म्हणजे खोली, ऑफिस, मार्केट आणि पाहुणे आले की मिरामार. या बुधवारी सकाळी निघायचं आणि अंधारापूर्वी परतायचं असं ठरवलंय. समुद्र नको, कुडाळकरणीला त्याचं कौतुक नाही. थोडं चालायला, थोडं बघायला आणि एकटीने दोन घास खायला मिळालं की झालं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "एकटीच कशाक जातंस गो? कोण सोबत नाय?" तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

घाटावरचा
सोमवार, रात्री १०.०५

स्कूटर म्हणणार नाही. पण गोव्यात बसने फिरायचं म्हणजे दिवसभर थांब्यावर उभं राहायचं. चार मित्र जमव, गाडी कर, मोकळी हो.

अनुस्वार
सोमवार, रात्री १०.२०

घाटावरचे, तिने विचारलंय काय नि तुम्ही सांगताय काय! मी मडगावची, सव्वीस वर्षं बसने पणजीला जाते-येते. पर्यटक स्कूटरवर फिरतात म्हणून गोवा बसने फिरता येत नाही असं कोणी ठरवलं? इथले म्हातारे, शाळेची पोरं, बाजाराला जाणाऱ्या बायका काय उडत जातात?

पायपीट, मडगाव, म्हापसा, वास्को या तीन ठिकाणी पणजीहून विनाथांबा शटल आहेत. कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, स्टँडवर खिडकीत तिकीट काढायचं, रांगेने चढायचं, उभं कोणी नसतं. खरी गंमत मात्र खाजगी बसमध्ये. दारात लोंबकळणारा कंडक्टर "म्हापशें म्हापशें म्हापशें" ओरडतो आणि बस गच्च भरली तरी "फाटीं वच" म्हणत अजून चार जण कोंबतो. सुटे पैसे ठेव, नाहीतर उतरेपर्यंत तो तुझ्याकडे रागाने बघत राहील.

डिचोलकर
मंगळवार, सकाळी ७.१५

ताई, माझ्या गावची वाट सांगतो. पुस्तकात मिळणार नाही, आम्ही लहानपणी आजीबरोबर उलट्या बाजूने यायचो.

पणजीहून जुने गोवे, तिथून फेरीबोटीने दिवाड बेट, दिवाड पायी आरपार, पलीकडच्या टोकाला दुसरी फेरी, ती धरून नार्वे, नार्व्याला सप्तकोटेश्वर, तिथून बसने डिचोली, डिचोलीहून बसने पणजी. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही. आणि हे स्कूटरवाल्याला जमत नाही, कारण भाड्याची गाडी जिथून घेतली तिथेच नेऊन द्यावी लागते. (घाटावरच्यांनी नोंद घ्यावी.)

जुन्या गोव्याला जाताना रायबंदरवरून जाणारी बस धर, बायपासची नको. पणजी सोडली की मांडवीला चिकटून सरळ लांब रस्ता लागतो. तो साधा रस्ता नाही, १६३३-३४मध्ये पोर्तुगीजांनी दलदलीत बांधलेला पूल आहे, जवळजवळ तीन किलोमीटर. आपण त्यावरून रोज जातो आणि मोबाइल बघत बसतो.

गांधी चौकात उतरलीस की से कॅथेड्रलच्या अंगाने नदीकडे चालत जा. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू इथे व्हाइसरॉय होऊन आला, त्याने ती उभारली आणि पणजोबांचा पुतळा वर बसवला. कमानीतून गेलं की समोर धक्का. फेरीला पायी माणसाला पैसे नाहीत.

आता नार्व्याचं. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, त्यांच्या बिरुदातसुद्धा त्याचं नाव येतं. मूळ देऊळ दिवाडवर होतं. चौदाव्या शतकात बहमनींनी पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा बांधलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. मग लिंग नदीपलीकडे आणलं. १६६८मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख तिथे आहे. अलीकडे सरकारने डागडुजी करून २०२३मध्ये देऊळ पुन्हा खुलं केलं. म्हणजे १९८०पासून ज्यांच्या नावाची बस गोव्यात धावते, त्यांच्याच देवाला तू त्याच बसने निघालीस.

आणि एक पक्कं लक्षात ठेव. कुठेही उतरलीस की पहिलं काम म्हणजे परतीची बस कधी आहे ते विचारणं. देऊळ, चर्च, धबधबा सगळं नंतर. नार्व्याहून डिचोलीला बस आहे, पण ती दर दहा मिनिटांनी येत नाही.

बाबल_मास्तर
मंगळवार, सकाळी ८.४०

डिचोलकरांची वाट उत्तम. पण आमच्या पेडण्याला कोणी विचारत नाही ही जुनी तक्रार नोंदवतो.

म्हापशाहून केरीची बस धरावी. शेवटचा थांबा केरी, तिथून फेरीने तेरेखोल. नदीच्या उत्तरेला, महाराष्ट्राच्या कुशीत शिरलेला हा गोव्याचा एवढासा तुकडा. किल्ला मूळ सावंतवाडीकरांचा, १७४६मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला, तेव्हा गोवा मुक्त व्हायला अजून सात वर्षं होती. किल्ल्यात आता हॉटेल आहे, सगळीकडे फिरू देतीलच असं नाही. पण तटाबाहेरून खाली दिसणारी नदी आणि समुद्र यांना तिकीट नाही.

अडचण एकच. मोठ्या ओहोटीला ही फेरी काही वेळ बंद राहते.

खंड्या
मंगळवार, सकाळी १०.३०

दिवाडइतकं चालायचं नसेल तर चोडण. रायबंदरला उतरा, फेरी धरा, पलीकडच्या धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं रान. १९८८ पासून अभयारण्य आहे. ओहोटीला चिखलात निवट्या मासे उड्या मारताना दिसतात आणि त्यांच्यावर टपलेले बगळे. मी तिथे एका सकाळी खंड्याच्या तीन जाती पाहिल्या आणि ऑफिसला उशिरा पोचलो.

एकट्या माणसाची अडचण होडीची. होडीचे पैसे होडीचे असतात, तुमच्या एका सीटचे नाहीत. चार अनोळखी लोक जमेपर्यंत धक्क्यावर रेंगाळायची तयारी ठेवा, नाहीतर पायवाटेवर समाधान माना.

पायपीट
मंगळवार, दुपारी १.१०

दिवाड-नार्वे ठरलं! डिचोलकर, मनापासून आभार. आता जे कोणी लिहीत नाही ते विचारते. वाटेत बाथरूम? दिवाडवर कुत्री? रस्ता अगदी सुनसान आहे का? आणि काही झालं, पाय मुरगळला वगैरे, तर?

अनुस्वार
मंगळवार, दुपारी १.४५

बायकांच्या सहलीचा खरा नकाशा हाच असतो गं, कुठे जाता येतं त्याचा. तर ऐक. पणजी स्टँडवर एकदा जाऊन ये, मग जुन्या गोव्याला चर्चच्या परिसरात. दिवाडवर भरवसा नको. नार्व्याला देवळात विचार, तिथल्या बायका सांगतात. "पाणी कमी पिते" हा शहाणपणा मात्र करू नकोस, नोव्हेंबरातही दुपारचं ऊन डोकं फिरवतं.

जेवणाचं महत्त्वाचं. गावात दुपारी एकनंतर दुकानं ओढून घेतात ती चारशिवाय उघडत नाहीत. तेव्हा सकाळी स्टँडजवळ भाजीपाव आणि बन खाऊन निघ आणि पिशवीत काहीतरी टाक.

कुत्री आहेत. सकाळची झोपलेली असतात. रस्ता शांत आहे, सुनसान नाही, दर थोड्या वेळाने एखादी स्कूटर जाते. पाय मुरगळला तर हात कर. मोठ्या गावात असशील तर पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल शोध, तो पायलट. गोव्यात मोटरसायकलची टॅक्सी असते हे माहीत असेलच. मी लग्नाला साडी नेसून पायलटच्या मागे बसून गेलेय.

आणखी एक. या बुधवारीच जा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्याला नोव्हेना सुरू होतात, ३ डिसेंबरला गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त. त्या दिवसांत त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

घाटावरचा
मंगळवार, सायंकाळी ६.३०

बरं, हरलो. पण दूधसागर का नाही कोणी सुचवत? वास्कोहून कुळेला पॅसेंजर जाते, मडगावला थांबते. तिथून रुळावरून चालत गेलं की धबधबा. आम्ही कॉलेजात असताना गेलो होतो.

डिचोलकर
मंगळवार, सायंकाळी ७.०२

तुमचं कॉलेज कधीचं? रुळावरून चालत जायला बंदी आहे. पकडलं तर दंड, आणि बोगद्यात गाडी आली तर त्याहून वाईट. आता कुळेहून जीपने जायचं, पावसाळ्यात तीही बंद. जीप सात जणांची. एकटी बाई गेली तर दुसऱ्या कोणाच्या जीपमध्ये रिकामी जागा निघेपर्यंत थांबायचं. पहिल्याच खेपेला तो उद्योग नको.

कुळेच्या त्याच गाडीने चांदरला मात्र उतरता येतं. जुनं चंद्रपूर, कधीकाळची राजधानी. आता भलेमोठे जुने वाडे आहेत. ते पुढच्या वेळी.

पायपीट
बुधवार, रात्री ९.१५

आले. पाय दुखतायत, नाक भाजलंय. सविस्तर लिहिते.

सकाळी स्टँडवर पाटी न वाचताच "जुने गोवे?" विचारून चढले आणि बस बायपासने गेली. डिचोलकर, तुमचा १६३३चा रस्ता हुकला! कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "पोचलं म्हणजे झालें मगे?" बरोबरच होतं त्याचं.

कमानीपाशी पोचले तेव्हा नऊ वाजत आले होते. फेरीत तीन गाड्या, दहाबारा स्कूटर, शाळेला उशीर झालेला एक मुलगा, मासळीची टोपली घेतलेली एक बाई आणि मी. सगळे आपापल्या स्कूटरवरच बसून होते. उभे आम्ही दोघीच. ती म्हणाली, "चलून वता? खंय?" मी नार्वे म्हटल्यावर तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. चपला होत्या हो, बूट नव्हते. हा माझा दिवसातला दुसरा शहाणपणा.

पलीकडे उतरल्यावर रस्ता सरळ शेतांमधून जातो. दोन्हीकडे खाजन. मला हा शब्द पाठ्यपुस्तकात भेटला होता, प्रत्यक्ष आज. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले, आणि बांधात लाकडी दारं, मानस म्हणतात त्याला. भरतीच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं. ना मोटर, ना वॉचमन. भात कापून झालेलं होतं, खुंटांत बगळे फिरत होते. एक म्हातारे मानशीपाशी जाळं सोडवत बसले होते, त्यांच्याशेजारी मी वीस मिनिटं उभी होते. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. कोणाबरोबर आले असते तर "चल आता" म्हणालं असतं कोणीतरी.

पिएदादची टेकडी चढून चर्चपाशी गेले. वरून मांडवी, पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे, मध्ये सगळी खाजनं. घाम पुसत पायरीवर बसले. तेवढ्यात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू आला. धावत खाली जाऊन दोन उंडे घेतले. अनुस्वारताई, तुमचा सल्ला ऐकला नसता तर तेच माझं जेवण होतं. नंतर तहान लागली तेव्हा एकच दार उघडं दिसलं, तावेर्नचं, म्हणजे दारूच्या गुत्त्याचं. बाहेर पाच मिनिटं घोटाळले. शेवटी आत डोकावले तर गल्ल्यावर आजी, हातात विणकाम. लिंबू सोडा दिला, पंखा माझ्याकडे वळवला आणि नवरा कुठे काम करतो ते विचारलं. नवरा नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "बरें आसा."

पुढे वाट चुकले. एका फाट्यावर डावीकडे वळले आणि नेट गेलं. रस्त्याची पायवाट झाली, पायवाटेचा बांध, आणि बांध खाडीत संपला. खरं सांगते, तिथे पोटात गोळा आला. आसपास कोणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. परत फिरले, फाट्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईंना विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं आणि मी वळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

नार्व्याच्या फेरीला पोचायला बारा झाले. पलीकडे उतरल्यावर आधी बस विचारली, डिचोलकर! एक बस नुकतीच गेलेली, पुढची दीड-पावणेदोनला "येतली" असं कळलं. म्हणजे देवळाला भरपूर वेळ.

देऊळ मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आणि साधं. कौलारू उतरतं छप्पर, बुटका घुमट, समोर दीपस्तंभ, मागे झाडी. आत धारा कोरलेलं लिंग. दुपारची वेळ, मंडपात मी आणि झाडू मारणाऱ्या एक मावशी. शिलालेख शोधत होते तर त्यांनी झाडूनेच दाखवला, "तो थंय." वाचता फारसं आलं नाही. पण ज्या देवाला दोनदा घर बदलावं लागलं, त्याच्या दारात बसून मी माझ्या भाड्याच्या खोलीचा विचार करत होते. पुढच्या महिन्यात करार संपतोय.

बस दोनला आली. थांब्यावर लाल भाजीच्या जुड्या घेतलेल्या आजी होत्या, त्यांनीच हात करून थांबवली. डिचोलीला चहा, मिरचीचं भजं, आणि पणजीची बस. पाचच्या आत खोलीवर. प्रवासखर्च सांगू? सकाळी शंभराची नोट मोडली होती, ती संपली नाही.

आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "जेवलंस काय?" दुसरा, "देवळात माझ्या नावान हात जोडलंस?" एकटीचा विषय निघालाच नाही.

खंड्या
बुधवार, रात्री ९.४०

मानशीपाशी वीस मिनिटं उभं राहून पक्षी एकच लिहिलात? बगळे किती, कुठले?

पायपीट
बुधवार, रात्री ९.४४

पांढरे.

बाबल_मास्तर
बुधवार, रात्री १०.१०

झकास. एक भर घालतो. दिवाडच्या त्या टोकालाच मूळ देवळाची जागा आणि कोटीतीर्थ तळं आहे. नार्वे हे नावसुद्धा आधी तिथलं, देवामागोमाग नदी ओलांडून पलीकडे गेलं. वाट चुकला नसतात तर कदाचित दिसलं असतं. पुन्हा जावं लागेल.

अनुस्वार
बुधवार, रात्री १०.२५

पुन्हा जा पण ऑगस्टचा चौथा शनिवार टाळ. दिवाडवर बोंदेराचा उत्सव असतो, फेरीच्या रांगेतच दिवस जाईल. बोंदेराच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग मलाही सांग, मी येते.

घाटावरचा
गुरुवार, सकाळी ९.०५

एक प्रश्न, प्रामाणिकपणे विचारतोय. माझे वडील पुढच्या महिन्यात येणार आहेत, वय बहात्तर, गुडघे दुखतात पण घरात बसवत नाही. मी ऑफिसात. त्यांना एकट्याला बसने जाता येईल असं काही? चालणं कमी.

डिचोलकर
गुरुवार, सकाळी ९.३०

फोंड्याची बस द्या. मंगेशी आणि म्हार्दोळची म्हाळसा दोन्ही त्याच रस्त्यावर, एकमेकांपासून किलोमीटरभर. बसा भरपूर आहेत, एक गेली की दुसरी. मंगेशीला हमरस्त्यावरून थोडं आत चालावं लागतं तेवढंच. म्हार्दोळला बस अगदी देवळासमोर. कंडक्टरला चढतानाच सांगायला सांगा, "म्हार्दोळ देवळाकडे उतरायचं, पाय दुखतात." बस पूर्ण थांबेपर्यंत तो कोणाला हलू देणार नाही. एरवी घाई करणारे हेच लोक म्हाताऱ्या माणसाला हात धरून उतरवतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

घाटावरचा
गुरुवार, सकाळी ९.३३

धन्यवाद. परतीची बस विचारायला सांगतो.

पायपीट
गुरुवार, दुपारी १.२०

मास्तर, पुढच्या बुधवारी तेरेखोल. ओहोटीचं कसं कळणार? केरीला पोचून फेरी बंद असली तर?

बाबल_मास्तर
गुरुवार, दुपारी २.०५

म्हापशाला बसमध्ये चढतानाच कंडक्टरला विचारा, तो रोज जातो. बंद असली तर केरीच्या धक्क्यावर चहा प्यावा, पाणी वर यायला फार वेळ लागत नाही. आणि या खेपेला बूट घाला.